स्टिल्टमधली टीटी: घरच्या घरी गाडी उचलायला नक्की काय घ्यावं?

सव्वाशेर (शुक्रवार, रात्री ११:०८)

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीत २०११ ची ऑडी टीटी घेतली, अर्थात सेकंडहँड. बायकोला "जुनी गाडी घेतोय" एवढंच सांगितलं होतं, त्यामुळे खोटं बोललो असं कुणी म्हणू शकत नाही. गाडी मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीच्या स्टिल्टमध्ये (खांबांवरच्या इमारतीखालचं पार्किंग) उभी असते. दोन्ही बाजूंना खांब, डोक्यावर आठ फुटांवर बीम, पायाखाली पेव्हर ब्लॉक.

पहिल्या सर्व्हिसिंगला एका गॅरेजात दिली, तर लिफ्टचा हात भलत्याच जागी लावून उजव्या दाराखालची पट्टी चेपून मिळाली. वर "पहिल्यापासूनच होतं साहेब" हे वाक्य फुकट. तेव्हापासून ठरवलंय की निदान इंजिन ऑइल, ब्रेक पॅड आणि जमलं तर गिअरबॉक्सचं तेल घरीच बदलायचं. हाताला सवय आहे, पंधरा वर्षं बुलेट स्वतःच खोलतोय. पण बुलेटखाली झोपावं लागत नाही.

तर प्रश्न उचलण्याचा आहे. तीन टनी ट्रॉली जॅक आणि चार ॲक्सल स्टँड (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी आधार) घ्यावेत, की क्विकजॅकसारखी ती दोन फ्रेमची परदेशी लिफ्ट मागवावी? की सरळ रॅम्प? बजेट आहे, पण एकदाच आहे. हत्यारं कोणती आणि कुठून, तेही सांगा.

वडापावप्रेमी (शुक्रवार, रात्री ११:२१)

आमच्या टॉवरमध्ये स्टॅक पार्किंग आहे. बटण दाबलं की गाडी सहा फूट वर. तुम्ही टॉवरमध्ये फ्लॅट घ्या, लिफ्ट फुकट पडेल. (हलके घ्या)

दहाची_गोटी (शनिवार, सकाळी ७:४०)

वडापावप्रेमी, गाडी वर जाते ती अख्ख्या पत्र्यावर बसून. खालून दिसतो तो पत्रा. आणि तेल सांडलंच तर ते खालच्या शेजाऱ्याच्या बॉनेटवर.

सव्वाशेर, मी आधी 'काय घेऊ' या प्रश्नाला हातच घालणार नाही. तुमच्या पोस्टमधला महत्त्वाचा शब्द तुम्ही शेवटी टाकलाय: पेव्हर ब्लॉक. लोक टनांवर अडून बसतात. टीटी दीड टनाच्या आतबाहेरची गाडी आहे, एका वेळी तुम्ही एक कोपरा किंवा एक बाजू उचलणार. दोन टनी जॅकसुद्धा वजनाला पुरतो. पण ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही, तो कमानीत वर जातो. म्हणजे गाडी वर येताना जॅकने स्वतः पुढे सरकायचं असतं, म्हणून तर त्याला लोखंडी चाकं. ती चाकं पेव्हरच्या सांध्यात अडकली की जॅक सरकत नाही आणि मग गाडी सरकते. रबरी पॅड तिरका होतो, आणि घाव पट्टीवर बसतो.

स्टँडचं तसंच. चार पायांचे चार कोपरे म्हणजे चार टोकं, पेव्हरमध्ये रुततात. एक पाय अर्धा इंच खाली गेला की वरची गाडी तिरकी. त्यामुळे पहिली खरेदी १८ मिमी मरीन प्लायची. जॅकसाठी लांब तुकडा, स्टँडसाठी दीड-दीड फुटाचे चार. मग बाकीचं.

नाना_गिरगाव (शनिवार, सकाळी ९:१५)

काय हे प्लाय न रबर! आम्ही चाळीच्या बोळात प्रीमियर पद्मिनी विटांवर चढवून अख्खा गिअरबॉक्स उतरवलाय. बाजूला स्टो, स्टोवर चहा. चाळीस वर्षं झाली, मी अजून लिहितोय.

चाफा (शनिवार, सकाळी ९:३२)

नाना, जे लिहीत नाहीत त्यांचं मत कसं घ्यायचं? वीट आणि काँक्रीटचा ब्लॉक वाकत नाही, कुरकुरत नाही, सूचना देत नाही. टोकावर भार आला की एकदम फुटतो. लोखंड निदान वाकताना दिसतं.

नाना_गिरगाव (शनिवार, सकाळी ९:५०)

चाफाताई, मुद्दा मान्य. स्टोचं काय ते बोलला नाहीत, म्हणजे चहा चालेल. :)

भौतिकमास्तर (शनिवार, सकाळी १०:४४)

थोडं अवांतर. जॅक म्हणजे पास्कलचा नियम, हे नववीतच शिकवतो: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, तुमचा ट्रॉली जॅक त्याचाच पणतू. पण याच नियमातून दुसरी गोष्ट निघते. अख्खी गाडी ज्या तेलावर उभी आहे ते अडवून ठेवणारी चीज म्हणजे बोटभर रुंदीचं रबरी सील आणि एक छोटी व्हॉल्व्हची गोळी. सील झिजलं की तेल सुटतं. म्हणून जॅक फक्त उचलण्यासाठी, धरून ठेवण्यासाठी नाही. माझा एक विद्यार्थी पंक्चरच्या दुकानात बसतो, तो हे माझ्यापेक्षा छान समजावून सांगतो.

चाफा (शनिवार, सकाळी ११:२०)

माझा अनुभव वेगळ्या गाडीचा आहे, पण उपयोगी पडेल. माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. गोव्यात बनलेली दोन माणसांची गाडी, फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन. हल्लीच्या पोरांना दाखवली की "कुठली इम्पोर्टेड?" विचारतात.

एकदा वाशीजवळ पंक्चर झालं. मी फोनवर बोलत होते तेवढ्यात पंक्चरवाल्या मुलाने दाराखाली जॅक लावून दोन दांडे मारले. 'कट्ट' असा आवाज. फायबरला बोटभर चीर. त्याची चूक नव्हती, त्याने जन्मभर पत्र्याच्या गाड्या उचललेल्या. तेव्हापासून मी गाडीच्या खाली, जिथे चेसिसचा पाइप आहे तिथे, पांढऱ्या रंगाने बाण काढून ठेवलेत.

तुमच्या टीटीची गंमत अशी की ती ॲल्युमिनियम आणि स्टील मिळून बनलेली आहे. वजनाने साधारण ६९ टक्के ॲल्युमिनियम, आणि स्टील मुख्यतः मागच्या भागात. म्हणजे मधला तळ आणि दाराखालची पट्टी ॲल्युमिनियमची. स्टीलची पट्टी थोडीफार ठोकून सरळ होते, ॲल्युमिनियम तसं लाड करून घेत नाही. पट्टीवर जॅक लावायच्या चार जागा खुणेने दाखवलेल्या असतात. मधे खाच असलेला रबरी पॅड घ्या, पट्टीची कड त्या खाचेत आणि भार दोन्ही बाजूंच्या सपाट भागावर. नुसत्या कडेवर कधीच नको.

आणि हो, खरी अडचण पुढेच आहे. जॅक लावायची जागा आणि स्टँड लावायची जागा एकच! जॅकने तिथे उचललं तर स्टँड कुठे लावणार?

सव्वाशेर (शनिवार, दुपारी १:०५)

चाफा, नेमकं यावरच अडकलोय. आज टेप घेऊन खाली झोपलो. वॉचमनने विचारलं, "साहेब, बरं वाटत नाही का?"

पट्टीखाली १६ सेंटीमीटर मोकळे आहेत. नेहमीचा ट्रॉली जॅक पूर्ण खाली असताना १४ चा, त्यावर अडीचचा पॅड. म्हणजे आत जातच नाही.

दहाची_गोटी (शनिवार, दुपारी २:३०)

लो प्रोफाइल जॅक घ्या, साडेसात ते दहा सेंटीमीटर उंचीचे मिळतात. किंवा बिनपैशाचा उपाय: दीड इंच जाड फळ्यांवर आधी चारही चाकं चढवा, मग जॅक घाला. रे रोडला लाकूड बाजारात तुकडे मिळतात. कडा रंधून उतरत्या करून घ्या.

चाफाच्या प्रश्नाचं उत्तर: या गाड्यांचा सांगाडा ताठ असतो. मागच्या जागेवर जॅक लावून उचललं की त्याच बाजूचा पुढचा कोपराही थोडा वर येतो. तिथे स्टँड सरकवायचा. मग जॅक सोडून दुसऱ्या बाजूला. सगळं एका दमात पूर्ण उंचीवर न्यायचं नाही, दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत स्टँड खालच्या खाचेवर, दुसऱ्या फेरीत वर. नाहीतर दुसरी बाजू उचलताना पहिल्या बाजूचे स्टँड कलतात.

स्टँड घेताना खाचा आणि खिटी नीट बघा. २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या हत्यारांच्या दुकानसाखळीने आपले लाखो जॅक स्टँड परत मागवले, कारण खिटी दातांत पूर्ण बसत नव्हती. बदली दिलेल्यांपैकी काहींत वेल्डिंगचा दोष निघाला. आडवी पिन आरपार घालायचे स्टँड दिसायला गावठी, पण पिन गेली की गेली हे डोळ्यांना दिसतं. मी तेच वापरतो.

ठाणे_लोकल (शनिवार, दुपारी ३:१२)

P मध्ये टाकली आणि हँडब्रेक ओढला की झालं ना? एवढं काय त्यात.

चाफा (शनिवार, दुपारी ३:२५)

नाही हो. P गिअरबॉक्सला कुलूप लावतो, चाकाला नाही. पुढचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची जोडणी) ते उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं दुसरं सुलटं. P लागलेलाच असतो आणि गाडी चालू लागते. हँडब्रेक मागच्या चाकांना, म्हणजे मागची उचलली की तोही गेला. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, दुसरा मार्ग नाही. स्टिल्टला पाणी वाहून जावं म्हणून उतार असतो, तो डोळ्यांना दिसत नाही, गाडीला कळतो.

ठाणे_लोकल (शनिवार, दुपारी ३:२७)

बापरे. मी आठ वर्षं असाच टायर बदलतोय.

खडूस_सेक्रेटरी (शनिवार, सायंकाळी ६:५०)

इथे सगळे जॅकबद्दल बोलताहेत, सोसायटीबद्दल कुणीच नाही. मी एका ७२ सदनिकांच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे (नाव त्यावरूनच). आमच्याकडे एका सदस्याने पोडियमवर लिफ्टसाठी चार अँकर बोल्ट मारायला ड्रिल लावलं होतं. पोडियम म्हणजे जमीन नाही, तो स्लॅब आहे. त्यात वॉटरप्रूफिंगचा थर आहे, खाली दुसऱ्याची गाडी आहे. पहिल्या पावसात ती दुसऱ्याची गाडी गळतीखाली आली.

सभेत फार तमाशा झाला. दुरुस्तीची परवानगी देणारा मी, आणि उद्या कुणी गाडीखाली आला तर पोलिसांना उत्तर देणाराही मीच. माझं मत स्पष्ट आहे: पार्किंग हे पार्किंग आहे.

सव्वाशेर (शनिवार, रात्री ८:१४)

साहेब, जमिनीला एक खिळा मारणार नाही. आमच्या सेक्रेटरींना विचारलं, ते म्हणाले "आवाज नको, डाग नको, रविवारी नको." शनिवार मिळाला.

खडूस_सेक्रेटरी (शनिवार, रात्री ८:३१)

तुमचे सेक्रेटरी उदार आहेत. तेलाचं काय करणार तेही सांगा. जळकं तेल घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ चे नियम आहेत. गटारात नाही.

दहाची_गोटी (शनिवार, रात्री ९:०२)

हे सेक्रेटरींचं बरोबर आहे. तेल परत त्याच डब्यात भरायचं आणि जिथे जुनं तेल गोळा होतं अशा गॅरेजात द्यायचं. कुणी नाही म्हणत नाही, त्यांना त्याचे पैसे मिळतात.

ओला_काजू (रविवार, सकाळी ८:२०)

घोडबंदरला बंगला आहे, क्विकजॅक दोन वर्षं वापरतोय, म्हणून बोलतो. ५००० पौंडांचं मॉडेल, म्हणजे साधारण २२६८ किलो. बंद असताना तीन इंच उंच, त्यामुळे खाली गेलेल्या गाडीखाली आरामात सरकतं. वर गेलं की वीसेक इंच. वरच्या टप्प्यावर लोखंडी आडकाठी पडते, म्हणजे मास्तर म्हणतात तसं तेलावर भरवसा नाही. चारही चाकं एकदम हवेत, ब्रेकच्या कामाला स्वर्ग.

आता जे विकणारा सांगत नाही ते. दोन्ही फ्रेम गाडीच्या लांबीभर पट्टीखाली पसरलेल्या असतात. म्हणजे बाजूने आत शिरायची वाट बंद, पुढून नाहीतर मागून सरपटत जायचं. सव्वाशेर, तुम्हाला दोन्ही बाजूंना खांब आहेत. फ्रेम आत सरकवायला बाजूला जागा लागते, ती मोजलीत का? जॅक लावायच्या पुढच्या-मागच्या जागांमधलं अंतर फ्रेमच्या मापात बसतं का? बारा व्होल्टचं युनिट घेतलं तर गाडीच्या बॅटरीवर चालतं, नाहीतर पार्किंगमध्ये प्लग शोधा. आणि काम झालं की त्या जड फ्रेम ठेवणार कुठे? मुलुंडच्या फ्लॅटमध्ये दिवाणाखाली?

सव्वाशेर (रविवार, सकाळी १०:४०)

दिवाणाखाली आधीच बुलेटचं जुनं सायलेन्सर आहे. मोजलं. खांब आणि गाडीत एका बाजूला ५० सेंटीमीटर. स्वप्न रद्द.

वडापावप्रेमी (रविवार, सकाळी १०:४२)

टॉवरमध्ये फ्लॅट... बरं, राहू दे.

कर्जतकर (रविवार, दुपारी १२:०८)

आमच्या फार्महाउसला पूर्वीच्या मालकाने सर्व्हिसिंगचा खड्डा खणून ठेवलाय. येत असाल तर या, जेवण आमच्याकडे. एकच सूचना: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात साठते. पेट्रोलच्या पाइपचं काम खड्ड्यावर करायचं नाही आणि विडी ओढायची ती आंब्याखाली.

नाना_गिरगाव (रविवार, दुपारी ४:३०)

हत्यारांकडे कुणी वळेना, म्हणून मी वळतो. मशीद बंदर स्टेशनजवळच्या नागदेवी स्ट्रीटला जा. शनिवारी सकाळी लवकर, दहानंतर हातगाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. पाने, पक्कड टपारियाचे घ्या, नाशिकचा माल, माझा पाना नातू वापरतोय. चोरबाजारात जुने जर्मन पाने अजून निघतात, पण गोटी (नटावर बसणारं सॉकेट) हातात घेऊन आतल्या कडा बघा. झिजलेली गोटी फुकट मिळाली तरी महाग, नट गोल करून ठेवते.

दहाची_गोटी (रविवार, रात्री ९:४८)

नाना, +१. पण जर्मन गाडीला टपारियाच्या नेहमीच्या सेटमध्ये नसलेली तीन हत्यारं लागतील, आणि ती नसली की काम अर्ध्यावर थांबतं, चाक काढलेलं असताना.

एक, ७ मिमीची ॲलन, म्हणजे षटकोनी चावी. पुढच्या ब्रेक कॅलिपरच्या (पॅड दाबणारा भाग) पिना बहुतेक तिनेच खुलतात. बाजारातल्या कितीतरी सेटमध्ये ६ नंतर एकदम ८ असते. ६ लावून 'बसतेय की' म्हणालात तर पिन गेली.

दोन, बारा टोकांची बिट. दिसायला टॉर्क्स या ताऱ्याच्या आकाराच्या बिटसारखीच, पण टॉर्क्सला सहा टोकं. घाईत टॉर्क्स ठोकून बसवली की बोल्टचं डोकं आतून गुळगुळीत होतं आणि मग ड्रिल.

तीन, मागचा पिस्टन आत फिरवायचं हत्यार. तुमच्या टीटीला हाताने ओढायचा हँडब्रेक आहे, त्यामुळे मागच्या कॅलिपरचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, दाबत दाबत फिरवावा लागतो. माझ्या एका मित्राने सी-क्लॅम्पने दाबला. जाईना म्हणून आणखी दाबला. नवा कॅलिपर केवढ्याला पडला ते त्याने बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आणि टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळायचा पाना. एक अर्धा इंची, ४० ते २०० न्यूटन-मीटरचा. टीटीच्या चाकाचे बोल्ट १७ च्या गोटीचे, १२० न्यूटन-मीटर. ऑइल चेंबरचा बोल्ट त्या मानाने अगदी नाजूक, ३० च. जे पायाने उभं राहून चाक आवळतात तेच लोक चेंबरचे आटे घालवतात.

ठाणे_लोकल (रविवार, रात्री १०:०३)

१२० न्यूटन-मीटर म्हणजे हाताला किती?

भौतिकमास्तर (रविवार, रात्री १०:१९)

अर्ध्या मीटरच्या दांडीच्या टोकाला साडेचोवीस किलो लटकवा. म्हणजे तांदळाची २५ किलोची गोण, किंचित उपाशी.

नाना_गिरगाव (रविवार, रात्री १०:२५)

आम्ही गोण न बघताच आवळायचो. चाक कधी निघालं नाही. निघावं म्हटलं तरी निघायचं नाही, तो भाग वेगळा.

दहाची_गोटी (रविवार, रात्री १०:४०)

नाना :)) रेंच वापरून झाला की स्प्रिंग सैल करून सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवायचा. त्याने कधी बोल्ट सोडवायचा नाही. आणि मुंबईच्या हवेत पेटीत तेलाचा फडका टाका, जूनमध्ये लखलखीत ठेवलेला पाना गणपतीला तांबडा निघतो.

सव्वाशेर, गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल वेगळं सांगतो. सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), तेल दर ६०,००० किलोमीटरला. ते पातळीवर भरायचं असतं: इंजिन चालू, तेल ३५ ते ४५ अंशांच्या मधे, तेव्हा खालून जास्तीचं तेल ठिबकून थांबलं की बरोबर. म्हणजे गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. नुसती पुढची बाजू रॅम्पवर चढवून हे काम केलंत तर पातळीच चुकते. म्हणून रॅम्प इंजिन ऑइलपुरता ठीक. चालू इंजिनाखाली, चार स्टँडवर, पेव्हरवर... मी स्वतः करणार नाही. तापमान बघायला कॉम्प्युटर जोडणारा आणि लिफ्ट असलेला माणूस शोधा, समोर उभे राहा, लिफ्टच्या हाताखाली तुमचे रबरी पॅड स्वतः लावा.

सव्वाशेर (तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:५५)

धागा वर काढतोय.

शेवटी घेतलं ते असं: एक लो प्रोफाइल ट्रॉली जॅक, पिनवाले चार स्टँड, खाचेचे चार रबरी पॅड, प्लाय, रे रोडच्या फळ्या. नागदेवीला ७ ची ॲलन मागितली तर दुकानदार म्हणाला, "जर्मन गाडी का?" आणि न विचारता बारा टोकांचा सेटही पुढे ठेवला. नाना, तिथली गर्दी तुम्ही सांगितली त्याच्या दुप्पट होती.

आज पुढचे ब्रेक पॅड झाले. दोन तासांचं काम पाच तासांत. पैकी दीड तास गाडी स्टँडवर बसवण्यात, अर्धा तास खाली उतरून पुन्हा हलवून बघण्यात. गाडीखाली काढलेली चाकंही आडवी सरकवून ठेवली होती, कुणीतरी सांगितलं होतं की स्टँड गेलाच तर गाडी चाकावर थांबते. चाक परत लावताना मात्र दमलो. इथे नट नाहीत, बोल्ट आहेत, म्हणजे चाक एका हाताने धरून दुसऱ्या हाताने भोक शोधायचं. शेवटी वॉचमनला बोलावलं. आता तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोय, "साहेबांनी आणि मी ब्रेक बदलले."

पट्टीला ओरखडा नाही. मागचे पॅड पुढच्या शनिवारी, तेही बघू. गिअरबॉक्सच्या तेलाला गाडी लिफ्टवाल्याकडेच नेतोय, पॅड पिशवीत घालून. कर्जतकर, खड्ड्याला नाही पण जेवायला नक्की येतो.

चाफा (शनिवार, रात्री १०:०४)

मस्त! चाकासाठी गाइड पिन मिळते. एका बोल्टच्या भोकात लांब पिन फिरवायची, चाक तिच्यावर टांगायचं, बाकीचे बोल्ट लावून पिन काढायची. वॉचमनची नोकरी जाईल मात्र. आणि पन्नासेक किलोमीटर चालवून चाकाचे बोल्ट पुन्हा एकदा रेंचने तपासा.

खडूस_सेक्रेटरी (शनिवार, रात्री १०:११)

डाग?

सव्वाशेर (शनिवार, रात्री १०:१३)

एक थेंब नाही साहेब. खाली जुना फ्लेक्स अंथरला होता, नगरसेवकांच्या वाढदिवसाचा.

दहाची_गोटी (शनिवार, रात्री १०:२०)

अभिनंदन. टॉर्क रेंच परत खालच्या आकड्यावर आणून ठेवलात ना?

सव्वाशेर (शनिवार, रात्री १०:३१)

ठेवला. म्हणजे, आत्ता खाली जाऊन ठेवला.